हजार गाई आणि बारा वर्षं

सत्यकाम जाबालाची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते, पण अर्धीच. गोत्र विचारणारे गुरू, बाप ठाऊक नसलेला मुलगा, आईने दिलेलं खरं उत्तर, ते उत्तर जसंच्या तसं सांगण्याचं मुलाचं धाडस आणि गुरूंनी केलेला स्वीकार. इथे गोष्टीच्या पुस्तकातलं पान संपतं. रवींद्रनाथांनी ‘ब्राह्मण’ या कवितेत हाच प्रसंग घेतला आणि त्यांनीही तो गुरूच्या आलिंगनापाशी थांबवला. एका सत्यनिष्ठ मुलाची गोष्ट म्हणून ती तिथे पुरी होतेही. मात्र छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात हा प्रसंग म्हणजे नुसता उंबरठा आहे. त्याला एकच खंड मिळतो. पुढचे पाच खंड सत्यकाम शिकला कसा ते सांगतात आणि त्यानंतरचे सहा खंड, तोच सत्यकाम गुरू झाल्यावर कसा वागला ते. या दोन कथा एकाला एक लागून ठेवणाऱ्याला शिक्षणाबद्दल काही तरी अवघड सांगायचं होतं, असं मला वाटतं. पहिली कथा एक सिद्धांत मांडते आणि दुसरी त्याच सिद्धांतावर हळूच बोट ठेवते.

उंबरठ्यावर थोडं थांबायला हवंच, कारण सत्यकामाची आई जबाला तिथे उभी आहे. मुलगा तिला विचारतो, मला ब्रह्मचर्य पाळून गुरूकडे राहायचं आहे, माझं गोत्र कोणतं? ती सांगते की तरुणपणी मी ठिकठिकाणी सेवाचाकरीत होते, त्या काळात तू झालास, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असं सांग. एवढंच. आवाज चढत नाही, डोळे भरून येत नाहीत. तिच्या उत्तरात खंत आहे की नाही हेही कळत नाही. शंकराचार्यांना या मोकळेपणाने अडचणीत टाकलेलं दिसतं. भाष्यात ते तिला पतीचं घर देतात, त्या घरी येणाऱ्या पाहुण्यांची सेवा करण्यात ती गुंतलेली होती म्हणून गोत्र विचारायचं राहून गेलं आणि तेवढ्यात पती वारला, असा खुलासा करतात. मूळ मजकुरात पती नाही, मृत्यू नाही, पाहुणेही नाहीत. भाष्यकाराने एक बाई सावरून घेतली. उपनिषदकाराला तशी गरज वाटली नव्हती.

गुरू हारिद्रुमत गौतम ते उत्तर ऐकून जे बोलतात ते मात्र मला दर वेळी टोचतं. असं बोलणं अब्राह्मणाला जमणार नाही, तू सत्यापासून ढळला नाहीस, समिधा घेऊन ये, अशा आशयाचं ते बोलणं आहे. त्याचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो. सत्य हेच ब्राह्मणत्व, असं ते म्हणत असतील तर ती मोठी उडी आहे. सत्यावरून तुझ्या जन्माचा अंदाज बांधला, असं म्हणत असतील तर दार उघडल्याचा आभास आहे, कडी तिथेच. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या अपशूद्राधिकरणात शंकराचार्य हीच कथा दुसऱ्या अर्थाने वापरतात. हा मुलगा शूद्र नाही याची खात्री पटल्यावरच गौतमांनी त्याला जवळ केलं, म्हणजे शूद्राला अधिकार नाही, असा तो युक्तिवाद. सत्य बोलणाऱ्या मुलाची गोष्ट अशा रीतीने दुसऱ्या मुलांना वगळण्याचा पुरावा झाली. जोतीराव फुले यांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला गौतमांचं ते बोलणं निरागसपणे वाचता येणार नाही आणि वाचूही नये. तरीही कथेला स्वतःचा एक हट्ट आहे, तो नोंदवायला हवा. ती या मुलाला पुढे कुठेही बापाचं नाव मिळवून देत नाही. राजपुत्र असल्याचं मागाहून उघड होत नाही, कुणा ऋषीचा अंश निघत नाही. तो आईच्या नावाने येतो, आईच्या नावाने शिकतो आणि आईच्याच नावाने आचार्य होतो.

उपनयन होतं आणि लगेच गुरू कळपातून चारशे कृश, अशक्त गाई वेगळ्या काढून त्याच्यापुढे करतात. यांच्या मागे जा. पाठ नाही, मंत्र नाही, बसायला आसन नाही. नव्या मुलाच्या हाती खपाटीला गेलेल्या, हाडं दिसणाऱ्या गाई. गुरूंचा हेतू काय होता? ती परीक्षा होती, की घरचं एक कटकटीचं काम आयतंच निघालं? उपनिषद एका अक्षराने सांगत नाही आणि माझ्या मते तो आडपडदा मुद्दाम ठेवलेला आहे. कारण पुढचं वाक्य गुरूचं नाही, शिष्याचं आहे. गाई हाकत निघताना सत्यकाम स्वतःच ठरवतो की हजार झाल्याशिवाय परतायचं नाही. हजार हा आकडा गौतमांनी सांगितलेला नाही. त्यांनी काम दिलं. त्या कामाचा शेवट कुठे, हे विद्यार्थ्याने ठरवलं. अभ्यासक्रम कोणी आखला, या प्रश्नाचं या कथेतलं उत्तर मला फार आवडतं. अर्धा गुरूने, अर्धा शिष्याने, आणि शिष्याचा अर्धा भाग जास्त अवघड.

मग वर्षं जातात. किती, ते सांगितलेलं नाही; पुष्कळ वर्षं तो बाहेर राहिला, एवढंच. चारशे रोडक्या गाई चरायला लागून, अंगावर मांस धरून, गाभण राहून, वेतामागून वेत होऊन हजार व्हायला लागणारा सगळा काळ एका शब्दात उरकला आहे. साप, वाघ, पाऊस, लंगडी कालवड, दुष्काळातलं पाणी यांतलं काहीही येत नाही. एखाद्या आधुनिक कादंबरीकाराने इथेच तीनशे पानं लिहिली असती. ज्या काळात सत्यकाम खरोखर घडला असणार तोच काळ कथेने कोरा सोडला आहे. शिक्षणाबद्दल लिहिणाऱ्या माणसाला इतकं गप्प राहता येणं सोपं नाही. आपल्याला प्रत्येक दिवसाची नोंद हवी असते, मुलाने काय केलं आणि त्यातून काय शिकलं याचा तक्ता हवा असतो. छांदोग्याला तो नको आहे.

आकडा पुरा होतो तेव्हा पहिला बोलतो तो कळपातला वळू. हजार झालो, आता आम्हाला आचार्यांच्या घरी ने, असं तो सांगतो आणि जाता जाता ब्रह्माचा एक चतुर्थांश सांगतो. इथे एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते. सगळी शिकवण परतीच्या वाटेवर घडते. रानात घालवलेल्या वर्षांत त्याला कोणी काही शिकवत नाही. शिकवण सुरू होते ती काम संपल्यावर, घरी निघाल्यावर. मुक्कामाचं वर्णन तेच तेच येत राहतं. जिथे संध्याकाळ होते तिथे तो गाई अडवतो, अग्नी पेटवतो, समिधा घालतो, अग्नीच्या मागे पूर्वेकडे तोंड करून बसतो. मग कोणी तरी त्याला नावाने हाक मारतं. एका संध्याकाळी अग्नी, दुसऱ्या संध्याकाळी हंस, तिसऱ्या संध्याकाळी मद्गू नावाचा, पाण्यात बुडी मारणारा पक्षी. वाचताना ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटू शकते. पण गुरं राखणाऱ्या माणसाची संध्याकाळ अशीच असते, तीच कामं त्याच क्रमाने. ज्ञान येतं ते त्या ठरलेल्या क्रमात फट पाडून नाही. सगळं नीट आवरून झाल्यावर येतं.

कोण काय शिकवतो याचीही मजा आहे. वळू चार दिशा सांगतो. सगळं आयुष्य ज्याने चारी दिशांना चरून काढलं तो दिशांखेरीज काय सांगणार? या भागाला प्रकाशवान म्हटलं आहे. अग्नी पृथ्वी, अंतरिक्ष, द्युलोक आणि समुद्र सांगतो, तो अनंतवान. हंस उंच उडणारा, म्हणून अग्नी, सूर्य, चंद्र, वीज हे त्याचे विषय, तो भाग ज्योतिष्मान. आणि पाण्याखाली शिरणारा मद्गू बाहेरचं काहीच सांगत नाही. प्राण, डोळा, कान, मन हे त्याचे चार, तो आयतनवान. क्षितिजापासून निघालेली वाट असं करत करत माणसाच्या कातडीच्या आत येते, आणि आत नेणारा शेवटचा गुरू बुडी मारणारा आहे, हे रचनेचं कौशल्य मला कोणत्याही भाष्याशिवाय पोहोचतं. शंकराचार्य वळूत वायुदेवता शिरली होती, हंस म्हणजे आदित्य, मद्गू म्हणजे प्राण असं सांगतात. असेल. पण वळू वळूच राहू दिला तर गोष्टीचं वजन कमी होत नाही, वाढतं. ज्या जनावरांची त्याने वर्षानुवर्षं निगा राखली त्यांनीच तोंड उघडलं, यात कोणतीही देवता आणण्याची गरज मला भासत नाही.

आणखी एक. चारांपैकी कोणीही पूर्ण सांगितल्याचा दावा करत नाही. प्रत्येक जण पाव भाग सांगतो, त्याचे चार अंश मोजून देतो आणि पुढचा पाव अमुक सांगेल म्हणून बोट दाखवून मोकळा होतो. पुढच्या शिक्षकाचं नाव सांगून थांबणारा शिक्षक हा जगातला दुर्मिळ प्राणी आहे. मद्गू मात्र पुढचं नाव सांगत नाही. त्याच्या पुढे आचार्यांचं घर आहे.

घरी येताच हारिद्रुमत गौतम त्याचा चेहरा पाहून ओळखतात. ब्रह्म जाणणाऱ्यासारखा तू झळकतो आहेस, तुला कोणी शिकवलं? माणसांनी नव्हे, असं सत्यकाम सांगतो. खरं तर काम झालं. चार पाव म्हणजे एक. पण तो मागणी करतो की आता तुम्हीच मला सांगा, कारण आचार्यांकडून मिळालेली विद्याच नीट फळते असं मी तुमच्यासारख्यांकडून ऐकलं आहे. आणि गौतम तेच सांगतात. अगदी तेच, त्यात काहीही गळलं नाही, असं उपनिषद दोनदा बजावतं. गुरूने नवं काही घातलं नाही, आपली मोहर उमटवण्यासाठी एखादा पाचवा पाव काढला नाही. मग सांगण्याची गरज काय होती? माझं उत्तर असं की रानात ऐकलेलं सत्यकामाच्या एकट्याचं होतं. त्याला साक्षीदार नव्हता. वळूशी वाद घालता येत नाही, हंसाला परत बोलावून शंका विचारता येत नाही. एका माणसाने दुसऱ्या माणसासमोर बसून ते उच्चारलं तेव्हा ते विद्या झालं, म्हणजे पुढे देता येण्याजोगं झालं. आतून उमटलेलं आणि बाहेरून मिळालेलं ज्ञान यांचं भांडण अध्यात्माच्या साहित्यात सतत चालू असतं. हा खंड त्या भांडणात पडत नाही. दोन्हीकडून तेच आलं, असं म्हणतो.

गुरं राखणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की कोसबाडची आठवण अटळ आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या वारली मुलांसाठी शाळा उघडली तेव्हा मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे जात. मग शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा असं नाव मिळालं. गुरं चरत असताना शिक्षक तिथे जाऊन शिकवत. त्या आधी 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली होती. नई तालीम म्हणतात ती. दोन्ही ठिकाणी कामाला आणि शिकण्याला जोडणारा माणूस हजर आहे. चरख्यावरून गणिताकडे नेणारा, कुरणात फळा घेऊन जाणारा. सत्यकामाच्या रानात तसं कोणी नव्हतं. कोसबाडची मुलं गुरं राखत ती घराच्या गरजेपायी. ती हजार झाल्यावर कोणता वळू बोलणार नव्हता हे ताराबाईंना पक्कं ठाऊक होतं. ‘श्रमातून ज्ञान आपोआप येतं’ असं म्हणत सत्यकामाचा दाखला देणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. आणि हा फरक उपनिषदालाही कळला होता, कारण ते लगेच दुसरी गोष्ट सांगतं.

उपकोसल कामलायन हा सत्यकाम जाबालाचा शिष्य. बारा वर्षं त्याने गुरूंच्या अग्नींची सेवा केली. सत्यकामाने बाकीच्या शिष्यांचं समावर्तन करून त्यांना घरी पाठवलं, उपकोसलाला नाही. का नाही, हे इथेही सांगितलेलं नाही. गुरुपत्नीच्या ते लक्षात येतं. या मुलाने तप केलं आहे, अग्नींची नीट सेवा केली आहे, अग्नींनी तुम्हाला दोष देण्याआधी त्याला सांगा, असं ती नवऱ्याला म्हणते. सत्यकाम काही न सांगता प्रवासाला निघून जातो.

आता मागची कथा आठवून हे पाहावं. ज्याला गुरूने काही न शिकवता रानात पाठवलं आणि ज्याचं त्यातून भलं झालं, तो गुरू झाल्यावर काय करतो? तेच करतो. स्वतः ज्या वाटेने शिकला ती वाट सर्वांचीच आहे असं धरून चालणं हा चांगल्या शिक्षकांना जडणारा रोग आहे. वाईट शिक्षकाला स्वतःची वाट नसतेच. सत्यकामाने गाईंच्या जागी अग्नी ठेवले आणि वाट पाहिली, असं मी वाचतो. पण दोन कामांत एक फरक होता. गाई वाढतात. चारशेच्या पाचशे होतात, हजार हे टोक दिसत राहतं, आणि ते टोक सत्यकामाने स्वतः ठरवलेलं होतं. अग्नी वाढत नाही. रोज पेटवा, रोज जपा, रोज राख काढा. बाराव्या वर्षीचा अग्नी पहिल्या वर्षीच्या अग्नीसारखाच. त्यात बरोबरीची मुलं एकेक करून घरी जाताना पाहायची. या मुलाला मोजायला काही दिलेलंच नव्हतं.

तो आजारी पडतो. म्हणजे खायचं सोडतो. गुरुपत्नी येऊन विचारते, जेवत का नाहीस, जेव बाबा. तो म्हणतो की या माणसात नाना दिशांनी धावणाऱ्या पुष्कळ वासना आहेत, मी व्याधींनी काठोकाठ भरलेलो आहे, मी जेवणार नाही. भारतीय साहित्यात एका विद्यार्थ्याच्या खचण्याचं इतकं जुनं आणि इतकं नेमकं वर्णन दुसरं मला आठवत नाही. त्याची तक्रार अज्ञानाची नाही, कोंदटपणाची आहे. आतमध्ये जागाच उरलेली नाही.

मग अग्नी आपापसात बोलतात की याने आपली चांगली सेवा केली आहे, चला, याला सांगू. तिघे मिळून जे सांगतात ते तीन तुकड्यांत येतं. प्राण ब्रह्म आहे, ‘क’ ब्रह्म आहे, ‘ख’ ब्रह्म आहे. उपकोसल इथे सत्यकामापेक्षा वेगळा वागतो. सत्यकाम रानात फक्त ऐकतो. हा प्रश्न विचारतो. प्राणाचं समजलं, पण क आणि ख नाही समजले. क म्हणजे सुख, ख म्हणजे आकाश, मोकळी जागा. अग्नींचं उत्तर असं की जे क तेच ख, जे ख तेच क. सुख म्हणजे अवकाश. हे तत्त्वज्ञान म्हणून पुष्कळांनी पुष्कळ समजावलं आहे. पण ते कोणाला सांगितलं, ते पाहिलं की अंगावर काटा येतो. मी काठोकाठ भरलो आहे म्हणून अन्न नाकारणाऱ्या मुलाला सांगितलं की मोकळी जागा हेच सुख आहे. हा उपदेश हवेत सोडलेला नाही. त्याच्या नाडीवर बोट ठेवून दिलेला आहे. बारा वर्षं ज्यांच्याजवळ बसला त्यांनाच त्याची नाडी कळली.

त्यानंतर तिन्ही अग्नी एकेक करून बोलतात. गार्हपत्य सूर्यातल्या पुरुषाबद्दल, अन्वाहार्यपचन चंद्रातल्या, आहवनीय विजेतल्या पुरुषाबद्दल. प्रत्येक जण तो पुरुष मीच आहे, असं म्हणतो. हा भाग मला तितका पकडत नाही, फलश्रुती फार आहे. शेवटी मात्र ते म्हणतात की आम्ही आमची विद्या सांगितली, पुढची गती आचार्य सांगतील. अग्नी गुरूची जागा घेत नाहीत. ज्या गुरूने पाठ फिरवली त्याच्यासाठीही ते जागा राखून ठेवतात.

सत्यकाम परततो. आणि त्याच्या तोंडून तेच बोल निघतात जे त्याने एकदा स्वतः ऐकले होते. ब्रह्म जाणणाऱ्यासारखा तुझा चेहरा झळकतो आहे, तुला कोणी शिकवलं? ते बोलताना त्याला हजार गाईंची ती संध्याकाळ आठवली असेल का? कथा गप्प. बोलते ती उपकोसलाच्या गडबडीतून. मला कोण शिकवणार, असं म्हणत तो आधी लपवतो, मग अग्नींकडे पाहून हे आता असे दिसतात, तेव्हा वेगळे होते, असं काही तरी पुटपुटतो. बाहेर शिकवणी लावलेल्या मुलाला वर्गशिक्षकांनी हटकावं, तसा तो चाचरतो. सत्यकामाने आपल्या गुरूंना ठणठणीत उत्तर दिलं होतं. त्याच्या शिष्याला तेवढी हिंमत होत नाही. शिष्य गुरूला घाबरतो आहे, हे या दोन ओळींत दिसतं आणि त्याचा दोष कोणाकडे जातो हेही.

गौतमांनी ऐकलेलं तेच पुन्हा सांगितलं होतं. सत्यकाम तसं करत नाही. त्यांनी तुला फक्त लोक सांगितले, मी तुला ते सांगतो जे जाणल्यावर कमळाच्या पानाला पाणी चिकटत नाही तसं पाप चिकटत नाही, असं म्हणून तो डोळ्यातल्या पुरुषाचं ज्ञान देतो. सूर्य, चंद्र, वीज सोडून डोळ्यापर्यंत, म्हणजे पुन्हा मद्गूच्या वाटेने आत. काही वाचकांना यात गुरूचा किंचित मत्सर दिसेल, आणि तो अजिबात नाही अशी हमी मी देणार नाही. मला मात्र त्यात उशीर भरून काढणं दिसतं. बायकोने सांगितलं तेव्हा जे केलं नाही ते तो आता करतो, आणि अर्धवट करत नाही. अग्नींनी जिथे हात टेकले तिथून पुढे नेतो. ती बायको मात्र निनावीच राहते. जबालेला निदान नाव आहे. दोन्ही कथांत शिक्षणाची गाडी एका बाईच्या बोलण्याने हलते आणि दोघींनाही शिकवायला कोणी वळू किंवा अग्नी येत नाही.

याच अध्यायाच्या सुरुवातीला रैक्वाची गोष्ट आहे, तिचा उल्लेख धावताच करतो. रात्री उडणाऱ्या हंसांच्या बोलण्यातून जानश्रुती राजाला रैक्वाचं नाव कळतं. राजाचा सेवक त्याला शोधून काढतो तेव्हा तो गाडीखाली बसून खाज खाजवत असतो. सहाशे गाई आणि रथ तो झिडकारतो. हजार गाई, गावं आणि राजकन्या मिळाल्यावर शिकवतो. ही गोष्ट मला आवडत नाही, मुलीचं काय झालं हा प्रश्न सोडवत नाही. पण संपादकाने ती सत्यकामाच्या आधी ठेवली हे बरं केलं. तिथे हजार गाई विद्येची किंमत म्हणून येतात, पुढच्या कथेत त्याच हजार गाई विद्येची वाट होतात.

सत्यकामाचं पुढे काय झालं ते छांदोग्यात आणि बृहदारण्यकात तुकड्या-तुकड्यांनी सापडतं. छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात तो गोश्रुती नावाच्या शिष्याला प्राणविद्या देऊन म्हणतो की ही वाळलेल्या खुंटाला सांगितली तरी त्याला फांद्या फुटतील, पानं येतील. बारा वर्षं एका हिरव्या रोपट्याला पाणी न घालणाऱ्या माणसाच्या तोंडी हे बोल आहेत. उपकोसलाच्या आधीचे की नंतरचे, हे ग्रंथ सांगत नाही. मी ते नंतरचे मानतो, एवढीच मोकळीक घेतो.

बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात जनक आणि याज्ञवल्क्य बोलत बसले आहेत. निरनिराळ्या आचार्यांनी आपल्याला काय सांगितलं याची यादी जनक देतो आणि याज्ञवल्क्य प्रत्येकाची पारख करतो. मन हेच ब्रह्म असं सत्यकाम जाबालाने सांगितलं, असं जनक म्हणतो. आई, वडील आणि आचार्य लाभलेल्या माणसाने बोलावं तसंच तो बोलला, असं याज्ञवल्क्य उत्तरतो. हे उत्तर तो सर्वांनाच लावतो, ते ठरीव आहे. तरी या एका नावापुढे ते आलं की वाचणारा क्षणभर अडखळतोच. मग तो म्हणतो की हे ब्रह्म एका पायाचं आहे, आणि उरलेलं स्वतः सांगतो. मन हा मद्गूने सांगितलेल्या चारांतला शेवटचा अंश. चारी पाव ऐकलेल्या सत्यकामाने जनकाला एवढंच दिलं होतं, किंवा जनकाच्या पदरात एवढंच पडलं होतं. ऐकून खूष झालेला जनक याज्ञवल्क्याला हत्तीएवढ्या वळूसह हजार गाई देऊ करतो. याज्ञवल्क्य त्या घेत नाही. शिष्याला पुरतं शिकवल्याशिवाय त्याच्याकडून काही घेऊ नये, असं माझ्या वडिलांचं मत होतं, असं सांगून तो शिकवणं पुढे चालू ठेवतो.